अडलं की उघडायचं

देवळीकडून वर्ध्याकडे येताना उजव्या हाताला एका नव्या दवाखान्याचा बोर्ड लागलाय. 'बिनटाक्याचे ऑपरेशन' अशी हातभर अक्षरं आणि बाजूला एका गोऱ्यापान बाईचा फोटो, जी आपल्या जिल्ह्यातली तर नक्कीच नाही. परवा गाडीतून तो वाचला आणि मी आपोआप खांदे आखडून घेतले. आता शेजारून बोलणी बसणार असं वाटलं. शेजारी कोणी नव्हतं. आमच्या सर्जन नगराळे मॅडम आता तिकडे भंडाऱ्याकडे नव्या डॉक्टरांना शिकवायला गेल्या आहेत आणि मी गाडीत एकटाच होतो.

'बिनटाक्याचे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. वर्ध्याच्या कडेला आमचा एक छोटा धर्मादाय दवाखाना. तिथं बायकांच्या ऑपरेशनसाठी दुर्बिणीचं थिएटर सुरू झालं, तेव्हा ट्रस्टच्या अध्यक्षांनी मोठ्या हौसेनं पेंटर बोलावला. पेंटरनं तेच लिहिलं जे सगळे लिहितात. मॅडम सकाळी आल्या, बोर्ड वाचला आणि पर्स खांद्यावरून न काढता म्हणाल्या, "दादा, हे पुसून टाक."

"काऊन बाई? अक्षर चांगलं नाई का?"

"अक्षर चांगलं आहे, गोष्ट खोटी आहे. टाके असतेत. लहान असतेत, पण असतेत. बाई घरी जाऊन पदर सरकवून पाहीन, टाके दिसतीन, न मले खोटारडी म्हणन. पहिल्याच शब्दात जो खोटं बोलते, त्याच्याकडे कोणी आपलं पोट घेऊन काऊन यावं?"

अध्यक्ष मध्ये पडले. म्हणाले, "मॅडम, जाहिरात आहे. थोडं चालते."

"जाहिरात तुमच्या बियाण्याची करा," मॅडम म्हणाल्या. अध्यक्षांचं बियाण्याचं दुकान होतं. शेवटी बोर्डावर 'दुर्बिणीने स्त्रियांची ऑपरेशने' एवढंच राहिलं, आणि त्याखाली मॅडमच्या हट्टापायी 'गरज पडल्यास पोट उघडून'. असा बोर्ड देशात दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा, मी चहा पाजतो.

मी भूल देणारा डॉक्टर. आमचा धंदाच असा, की पेशंट शुद्धीवर येऊन सर्जनच्या पाया पडतो आणि आमच्याकडे पाहून विचारतो, हे कोण? टेबलाच्या डोक्याशी माझं स्टूल, मध्ये हिरवा पडदा, पलीकडे मॅडम. बाई ठेंगण्या. टेबलापर्यंत हात पुरावेत म्हणून पायाखाली लाकडी पाट घ्यायच्या. मास्कमुळे मी त्यांचे डोळे जास्त पाहिले, चेहरा कमी. माझं कोणाशी फारसं पटत नाही, हे सगळ्या वर्ध्याला माहीत आहे. या बाईशी पटलं, त्याला कारण होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. सर्जनला छान दिसतं, पण इकडे पेशंटची छाती दबते. मी ओरडलो की बाकीचे सर्जन म्हणतात, "पाच मिनिटं, सर." मॅडम हात थांबवायच्या, गॅस सोडायला सांगायच्या आणि माझी मान हलेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'पाच मिनिटं' हे शब्द मी ऐकले नाहीत. असा माणूस मिळाला की आमच्यासारख्यांनी बाकी काही मागू नये.

त्यांचा एक नेम होता. ऑपरेशन कितीही साधं असो, दुर्बिणीच्या सामानाशेजारी पोट उघडायच्या सामानाचा मोठा ट्रे मांडलेला पाहिजे. शोभा सिस्टर तो मांडायची, हिरव्या फडक्यानं झाकायची. पहिला छेद घ्यायच्या आधी मॅडम विचारायच्या, "अडलं तर?" आणि आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, "उघडायचं." वॉर्डबॉयनंसुद्धा. मी सुरुवातीला थट्टा केली. म्हटलं, मॅडम, शाळेत प्रार्थना असते तसं झालं हे. त्या म्हणाल्या, "सर, पोट उघडायची वेळ आली की सर्जनले लाज वाटते. मले पण वाटते. लाजेपायी तो अंधारात कापत राहते. म्हणून अगोदरच बोलून ठेवायचं." अध्यक्षांनाही हा ट्रे खुपायचा. रोज निर्जंतुक करायचा, रोज न वापरता परत ठेवायचा, काय उपयोग? मॅडम त्यांना म्हणायच्या, "तुमच्या गाडीत स्टेपनी आहे ना? रोज वापरता का?"

पेशंटच्या घरच्यांना त्या ओपीडीच्या बाकावर बसवायच्या आणि स्वतः समोर स्टूल ओढून घ्यायच्या. कॉन्फरन्समध्ये इंग्रजी झाडणारी ही बाई तिथं निखळ गावची व्हायची. "पोळी फुगते पाह्यली ना? वरचा पापुद्रा खालून सुटते. तसं आमी पोटात हवा भरतो. आतडी खाली राह्यते, वरचं पोट वर जाते. मंग सुई टोचली तरी आतड्याले लागायची भीती कमी. कमी म्हणून राह्यली मी, नाईच असं नाई." ते शेवटचं वाक्य दुसरा डॉक्टर गिळून टाकतो. मॅडम ते आवर्जून म्हणायच्या, आणि मग समोरच्याचं तोंड उतरलं की पुढचं सांगायच्या, की बाई संध्याकाळी उठून बसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते आणि मोठ्या टाक्याच्या बाईपेक्षा कितीतरी आधी कामाला लागते.

आपल्याकडे एक रीत आहे. पोटातून गोळा काढला की तो घरच्यांना दाखवायचा. गोळा जितका मोठा, तितकं ऑपरेशन खरं. एकदा सेलूकडच्या एका सुनेच्या गर्भाशयाची गाठ मॅडमनी दुर्बिणीनं काढली. गर्भाशय शाबूत ठेवलं, कारण पोरीला अजून लेकरू व्हायचं होतं. एवढीशी भोकं, गाठ मोठी. म्हणून पोटातल्या पोटात प्लास्टिकच्या थैलीत घालून तिचे तुकडे केले, कण इकडेतिकडे सांडू नये म्हणून, आणि बाहेर काढले. सिस्टरनं भांडं बाहेर नेलं. सासऱ्यांनी पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"हे तं काकडीच्या चकत्या होय. गोळा कुठी आहे?"

"हाच गोळा," शोभा सिस्टर म्हणाली.

"कापलं नाई, पोटाले मोठा टाका नाई, गोळाबी शाबूत नाई. मंग इतका वेळ तुमी आतमध्ये करून काय राह्यले होते?"

मॅडम गाऊन उतरवून बाहेर आल्या. चिडल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी हातमोजे घातले, ओट्यावर प्लास्टिक अंथरलं आणि त्या चकत्या एकाशेजारी एक, एकावर एक, सासऱ्यांसमोर लावायला बसल्या. चांगला वेळ गेला. शेवटी बऱ्यापैकी नारळाएवढी गाठ उभी राहिली. सासरे वाकून वाकून पाहत होते. मग त्यांनीच एक चकती बोटानं दाखवली आणि म्हणाले, "हे तिकडच्या बाजूले लावा." त्या दिवसापासून त्या घराचा मॅडमवर विश्वास बसला. त्या गावातून पुढे कितीतरी बाया आल्या.

इतका जीव ओतायचं कारण मला उशिरा कळलं. त्या स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत. वर्षात हक्कानं दोन सुट्ट्या घ्यायच्या, एक चौदा एप्रिलची आणि दुसरी दीक्षाभूमीवर जायची, बाकी दिवस थिएटर. एकदा डबा खाताना, भाकरी आणि वांग्याची भाजी होती, मी सहज म्हटलं, वांगी रोज कशी चालतात तुम्हाला? म्हणाल्या, "माझी माय दुसऱ्यांच्या वाडीत वांगे तोडायची, केळझरजवळ. गर्भाची पिशवी काढली तिची, आडव्या मोठ्या टाक्यानं. टाका पिकला. मग त्यातून आतडं बाहेर यायला लागलं. पोटाले लुगड्याची पट्टी गुंडाळून ती कामाले जायची, पण टोपलं डोक्यावर उचलता येईना. मग तिले कामावर कोणी घेईना." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "डॉक्टर वाईट नव्हता. त्याच्याजवळ तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. आता आहे, न आमच्या बाया अजून तोच टाका घेऊन राह्यल्या." मी पाणी प्यायलो.

पन्नाशी उलटली तेव्हा त्यांना एकच घोर लागला. आपण गेल्यावर ही दुर्बीण चालणार, की कपाटात जाऊन बसणार? अध्यक्ष तर म्हणून मोकळे झाले होते, की नगराळे मॅडम नाही तर बाया नाही, आणि बाया नाही तर थिएटर कशाला? मॅडमनी आशा लावली होती ती प्रणालीवर. प्रणाली देवळीची पोरगी, आमच्याकडे नोकरीला लागलेली तरुण डॉक्टर. घरची भाजीपाल्याची वाडी, बोलणं कमी. मॅडमनी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, वर मोबाइल बसवला, कॅमेरा आतल्या बाजूला, आणि खोक्यात संत्री ठेवून ते तिच्यासमोर सरकवलं. लांब दांड्याचे चिमटे भोकांतून घालायचे, मोबाइलच्या पडद्यावर पाहायचं आणि संत्र्याच्या फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढायच्या. फोड फुटली, रस आला, की पुन्हा पहिल्यापासून. महिनोन्महिने आमच्या चहाच्या खोलीला संत्र्यांचा वास यायचा आणि सगळा स्टाफ फुटक्या फोडी खाऊन कंटाळला होता. पुढे प्रणालीचा हात इतका बसला की मॅडम नुसत्या बाजूला उभ्या राहायच्या. तिची एकच खोड त्यांना सलायची. काही अडलं की ती मान वळवून मॅडमकडे पाहायची.

मग मॅडम स्वतःच आजारी पडल्या. म्हणजे आजारी होत्याच, लपवत होत्या. एक दिवस पाटावर चढताना त्यांनी टेबल धरलं. मी उठून पलीकडे गेलो आणि म्हटलं, "मॅडम, डोळा दाखवा." खालची पापणी ओढली तर आत पांढरीफटक. रक्तस्राव केव्हापासून चालला होता कोण जाणे. गर्भाशय सुजलेलं, त्यात आधीचं एक सिझेरियन. जगाला तपासणारी बाई स्वतःकडे पाहत नव्हती, आणि मी त्या दिवशी त्यांना जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. रक्त चढवलं, तपासण्या झाल्या. कॅन्सर नव्हता, पण गर्भाशय काढणं भाग होतं.

आता प्रश्न आला, कोण करणार? मॅडमचे मिस्टर बँकेत होते, शांत माणूस. ते म्हणाले नागपूर. अध्यक्ष म्हणाले मुंबई, ओळख आहे. मॅडम म्हणाल्या, "इथंच. प्रणाली करीन."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा हट्ट आहे. पोरीवर किती ओझं टाकता? तिच्या हातून काही झालं तर ती आयुष्यात पुन्हा दुर्बीण धरणार नाही.

"सर, मी माझं पोट तिच्या हातात देत नाही, तं देवळीच्या बाईनं काऊन द्यावं?" त्या म्हणाल्या. प्रणालीला त्यांनी बोलावलं आणि एवढंच सांगितलं, "टेबलावर नगराळे मॅडम नाही, एक पेशंट आहे. मी झोपलेली राहीन. मान वळवून पाहशील तं कोणी दिसणार नाही."

ऑपरेशनच्या सकाळी त्या स्वतः चालत थिएटरमध्ये आल्या. टेबलावर आडव्या झाल्यावर मान उचलून त्यांनी शोभा सिस्टरच्या बाजूला पाहिलं. मोठा ट्रे फडक्याखाली होता. मग मला म्हणाल्या, "सर, झोपवा." माझा हात वर्षानुवर्षांचा सरावलेला आहे, पण त्या दिवशी औषधाचा डोस मी दोनदा मोजून पाहिला. या बाईशिवाय हा दवाखाना कसा असेल, हा विचार तेव्हाच यायचा होता.

सुरुवात चांगली झाली. प्रणालीचे हात सावकाश चालत होते आणि पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. मग ती पुढच्या बाजूला आली, जिथं जुन्या सिझेरियनची जागा होती. तिथं लघवीची पिशवी गर्भाशयाला अशी चिकटलेली, की कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं हे कळेना. थोडं सोडवलं की रक्त यायचं, पुसलं की पुन्हा तेच. एक चुकीचा कट आणि लघवीची पिशवी फाटणार. प्रणालीनं हात थांबवले. सवयीनं तिची मान उजवीकडे वळली. तिथं पाट रिकामा होता.

मला तिच्या मनातलं वाचता येत होतं. दुर्बिणीच्या मॅडम, आणि त्यांचंच पोट उघडलं, असं उद्या जिल्हाभर पसरणार. लोक म्हणतील, पाहा, त्यांच्यावरच दुर्बीण चालली नाही. मॅडमच्या आयुष्यभराच्या कामाला बट्टा, आणि तो लागणार हिच्या हातानं. अजून थोडं खेचून पाहावं, कदाचित जमेल. हा 'कदाचित' फार वाईट. मी मॉनिटरकडे पाहत होतो आणि तोंड बंद ठेवलं होतं, कारण हे तिनंच ठरवायचं होतं.

"गॅस बंद करा," प्रणाली म्हणाली. "दिसत नाही. उघडते मी."

आवाज घोगरा होता, पण हात लगेच चालू लागले. पोट उघडल्यावर तिनं बोटांनी चाचपून दोन्हींमधला थर शोधला आणि लघवीची पिशवी अलगद सोडवली. तिला ओरखडासुद्धा आला नाही. गर्भाशय निघालं, रक्त थांबलं, पोट शिवलं. शेवटचा टाका घातल्यावर प्रणाली कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडली. मी मॅडमना शुद्धीवर आणायच्या मागे लागलो.

मॅडम शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचा हात आपसूक पोटावर गेला. मोठी पट्टी हाताला लागली. प्रणाली पायथ्याशी उभी होती.

"काऊन उघडलं?" मॅडमनी विचारलं. तोंडी परीक्षेत विचारावं तसं, जड जिभेनं.

"थर दिसत नव्हता, मॅडम. लघवीची पिशवी चिकटली होती."

"मग बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा झोपी गेल्या.

बातमी मात्र आमच्या आधी देवळीला पोचली. दुर्बिणीवाल्या बाईचंच पोट फाडलं. पुढच्या आठवड्यात ज्या बायांची ऑपरेशनं ठरली होती, त्यांच्यातल्या काही तिसऱ्या दिवशी सकाळीच ओपीडीच्या बाकावर येऊन बसल्या, 'आमचं आता राहू द्या' हे सांगायला. अध्यक्षही आले. मला म्हणाले, "पाह्यलं ना सर, मी म्हणतच होतो. बंद करू हे." बाकाच्या टोकाला कमलाबाई होती, देवळीच्या बाजारात भाजी विकणारी. तिला अंडाशयाची मोठी गाठ होती. ती मॅडमच्या हातूनच ऑपरेशन करायचं म्हणून केव्हाची थांबली होती, आणि आता तिनंही पिशवी उचलून निघायची तयारी केली होती.

तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. पोटाला पट्टा, एक हात भिंतीला, दुसरा पोटावर दाबलेला. चालताना ओठ आवळले जात होते. मिस्टर मागून "अगं, अगं" करत होते, त्यांच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. प्रणाली ओपीडीच्या टेबलामागून उठली. मॅडमनी तिला हातानंच बसवलं आणि बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. स्टूलवर बसता येत नव्हतं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "उघडलं माझं पोट. या पोरीनं उघडलं. दुर्बिणीतून दिसेना म्हणून उघडलं. हट्टानं तिथंच कापत राह्यली असती, तं मी आज लघवीची नळी घेऊन आयसीयूत पडली असती. चालत तुमच्यासमोर आली नसती." त्या थांबल्या, श्वास घेतला. "दुर्बीण चांगली आहे. माझ्या हातानं किती बाया चालत घरी गेल्या, तुमच्याच गावच्या आहेत, जाऊन विचारा. पण ज्याले थांबता येत नाही, उघडता येत नाही, त्याच्या हाती आपलं पोट देऊ नका. हिले येते. हे आता मले माझ्या पोटावरून माहीत आहे."

अध्यक्ष चष्मा पुसत उभे होते. कमलाबाईनं पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि मॅडमकडे पाहून विचारलं, "मंग माह्या पोटाले हात कोण लावन? तुमी का ही पोट्टी?"

"ही," मॅडम म्हणाल्या.

"तुमी बाजूले उभ्या राहान ना?"

"नाई."

कमलाबाईनं प्रणालीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. प्रणालीही तिच्याकडेच पाहत होती. मॅडम वळल्या आणि भिंत धरून, पाय ओढत वॉर्डाकडे निघाल्या. दोन पावलं चालायच्या, थांबायच्या, पुन्हा चालायच्या. त्या मागे वळून पाहणार असं मला वाटलं, पण त्यांनी पाहिलं नाही. मागून प्रणालीचा आवाज आला, "कमलाबाई, उद्या सकाळी उपाशीपोटी येजो. चहाबी घेऊ नको."